सोळा आणे रानमोहरी

फार लांब नाही, पलीकडच्याच शिवारात एका रोह्याचं, म्हणजे नर नीलगाईचं, राज्य होतं. पिकाची आणेवारी तो स्वतः ठरवायचा, पण बांधावरूनच. खाली उतरलं की खुरांना माती लागते ना! पीक आठ आण्यांच्या खाली लागलं तरच सरकारी कोठार उघडायचं, असा कायदा होता.

त्या साली गहू बुडाला आणि रानमोहरी माजली. सगुणा नावाची लावी पक्षीण सरकारात झाडपाल्याची नोंद ठेवायची. घरी तिची सात पिल्लं उपाशी, म्हणून तिने सगळं खरं खरं लिहिलं. फुलं पिवळी, पाकळ्या चार. मूळची परकी, बियाण्याच्या पोत्यातून लपून आली, आता पिढ्यान् पिढ्या इथलीच. शेंग तडकली की बी मातीत वर्षानुवर्षं निजतं आणि माती हलली की उठतं. दाणा तिखट, पिल्लांच्या घशाखाली उतरत नाही.

राजा बांधावर चढला. शिवार पिवळंधमक बघून त्याचा ऊर भरून आला. सोळा आणे पीक, असं त्याने जाहीर करून टाकलं.

"महाराज, तो गहू नाही. एकदा खाली उतरून बघा," सगुणा म्हणाली.

"बाई, ही पाणी मागत नाही, खत मागत नाही, तक्रार करत नाही. अशी प्रजा मला जन्मात मिळाली नाही."

सगळ्यात जोरात टाळ्या कोठारमंत्री घुशीने वाजवल्या. रानमोहरी राज्यपीक झाली, खुरपणीवर बंदी आली. गहू कुठे दिसलाच तर तण म्हणून उपटायचा ठरलं.

सगुणा चिडून थेट कोठारात शिरली. आत दाणा नव्हता, नुसती बिळं होती. घुशीची गुबगुबीत लेकरं तिला "या मावशी" म्हणाली. कोठार का उघडत नाहीत, ते तिला तिथे कळलं.

तिने ते शिवारभर सांगितलं. प्रजा खवळली, निवडणुकीत रोही पडला आणि "तण मुळासकट!" म्हणणारं रानडुक्कर निवडून आलं. बोलल्याप्रमाणे त्याने मुसंडी मारून सगळं रान उकरलं. माती हलली, बी उठलं, पुढच्या साली शिवार दुप्पट पिवळं झालं.

सगुणाची पिल्लं तोवर चारच उरली होती. तिने तीच नोंद पुन्हा नेली. नवा राजा बांधावर चढत होता. टाळ्या वाजवायला घूस आधीच येऊन बसली होती. तिने पक्ष बदलला होता, खातं तेवढं तेच ठेवलं होतं.