मेंढके का हरतात?

"…पण मग मेंढके का हरतात, बाबा?"

प्रश्न विचारून श्रीरंगने हाताची घडी घातली. शहाणी माणसं प्रश्न घेऊन येतात तेव्हा उत्तरही खिशात घालूनच येतात, आणि श्रीरंग तर थेट पुण्याहून आला होता.

लिंबाजीबाबा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"हरत्यात व्हय?"

"दर वेळी."

"आरारारा," बाबा म्हणाले, आणि एक दाणा तोंडात टाकला.

मठ घाटाखालच्या माळावर. मठ म्हणजे तरी काय, एक देऊळ, एक नांद्रुकाचं झाड आणि त्याच्याभोवतीचा पार. पारावर बाबांचा मुलूखपट कायम अंथरलेला असे. जुन्या धोतरावर रंगवलेला मुलूख आणि त्यावर चार घराणी: गडवाले, दर्यावाले, बाजारवाले आणि मेंढके.

पहिल्या तिघांनी आपापलं कोठार भरायचं; ज्याचं आधी भरेल तो जिंकला. मेंढक्यांना कोठारही नाही आणि जमीनही नाही. त्यांनी आपला कळप पटाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचा, तोही दुसऱ्यांच्या रानातून, परवानगी मागत मागत. मात्र कळप ज्याच्या रानात रात्री बसेल त्याचं पुढचं पीक दुप्पट. मेंढ्यांच्या खताची करामत, दुसरं काय!

श्रीरंग हा खेळ बाबांकडेच शिकला. मग त्याने तो शहरात नेला, देखण्या खोक्यात घातला, आणि तरुण पोरं त्यावर तुटून पडली. आता त्याने खेळाचा विस्तार तयार केला होता, नाव 'घाटमाथा'. जुन्या पटाला वरच्या बाजूने जोडायचा नवा पट, त्यावर खिंडी, आणि प्रत्येक खिंडीवर गडवाल्यांचा एक कोरीव लाकडी किल्ला.

"बाकी तिघांचा तोल मी अगदी काट्यावर आणलाय," तो म्हणाला. "मेंढकेच तेवढे बसत नाहीत. एकदाही पलीकडे पोहोचले नाहीत. उद्या सगळं छापखान्यात द्यायचंय. म्हणून विचारायला आलो… मेंढके काढून टाकू?"

हे म्हणताना त्याने बाबांकडे पाहिलं नाही. याच पारावर पहिल्या डावाला त्याने मेंढकेच घेतले होते. जिंकल्यावर नांद्रुकाभोवती नाचलाही होता. त्याला वाईट वाटत होतं, पण आकडे त्याच्या बाजूने होते.

बाबांनी एक किल्ला उचलला. बुरूज पाहिले, तटबंदी पाहिली, वरचं इवलंसं निशाण पाहिलं. मग पुढून, मागून, दोन्ही अंगांनी फिरवून पाहिलं.

"काय शोधताय, बाबा?"

"काय न्हाई… नक्षी झ्याक हाय." त्यांनी किल्ला खाली ठेवला. "खेळून बघितलंस?"

"रात्रंदिवस."

"कुनाबरोबर?"

"एकट्याने. चारही घराणी मीच," श्रीरंग ताठ बसला. "म्हणजे कुणाच्या मूर्खपणाने निकाल बिघडायला नको."

"हुशार हायेस… आनि मेंढका हून गडवाल्याला वाट मागितलीस?"

"मागायची कशाला? मला माहीत होतं ना, तो देणार नाही."

बाबांनी शेंगांची टोपली श्रीरंगच्या मांडीवर ठेवली आणि हाक मारली, "अंतूशेठ! सलीमभाई! या रं, डाव मांडू."

अंतूशेठचं समोरच किराणा दुकान. ते गिऱ्हाईक सोडून आले. सलीमचाचा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, ते देवळाच्या सावलीत डुलक्या काढत होते. डाव म्हटल्यावर त्यांची झोप पळाली. अंतूशेठने बाजार घेतला. उभ्या जन्मात समुद्र न पाहिलेल्या सलीमचाचांनी नेहमीप्रमाणे दर्या घेतला. श्रीरंगने गड घेतले. मेंढके बाबांचे.

नवा घाटमाथा जोडला गेला. श्रीरंगने पहिल्याच फेऱ्यांत सगळ्या खिंडी धरल्या.

"गडकरी," बाबांनी हात जोडले, "येक रात बसू द्या की कळप."

"नाही."

"मूठभर शेंगा देतो."

"नाही, बाबा. वाट दिली तर तुम्ही जिंकाल."

"बरं," बाबा म्हणाले. तोंड मात्र होकार मिळाल्यासारखं हसरं. "अंतूशेठ, राम राम!"

"या, या! बसा की. पर कांद्याच्या वावरात बसा, गव्हाच्या नगं."

पटावर कांदाही नव्हता आणि गहूही. तरी बाबांनी कळप जपून पलीकडच्या घरात बसवला. पुढच्या फेरीत अंतूशेठचं पीक दुप्पट आलं.

ते पाहून सलीमचाचा कासावीस झाले. "अंतूशेठकडं काय ठेवलंय? आमच्याकडं या!"

"तुमच्याकडं दर्या. माझी मेंढरं पवतील व्हय?"

"किनारा हाय की! बसायला वाळू हाय! हवा बघा कशी हाय!"

कळप किनाऱ्यावर बसला. सलीमचाचांचं कोठार भरू लागलं.

श्रीरंग घाटमाथ्यावर उंच बसला होता. खिंडी सगळ्या त्याच्या. कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. किल्ल्यांवरची शिबंदी मात्र दर फेरीला धान्य खात होती. त्याने आपल्या कोठाराकडे पाहिलं, मग या दोघांच्या. घरी एकटा खेळताना असं कधी झालं नव्हतं. तिथे चौघंही आपापल्या जागी गप्प बसत.

"बाबा…"

"बोला, गडकरी."

"एक रात्र माझ्याकडे या ना."

"आज जमनार न्हाई. अंतूशेठचं आवतन हाय."

अंतूशेठने मांडीवर थाप मारली. सलीमचाचांना हसता हसता ठसका लागला. श्रीरंगने ओठ दाबून धरले, पण हसू कुठून तरी फुटलंच.

"दोन रात्री बसा! वर पाणी देतो!"

"आनि?"

"आणि… शेंगा मी सोलतो!"

तो खरंच शेंगा सोलायला लागला. बाबांनी सोललेले दाणे पाहिले, मान डोलावली, आणि कळप घाट चढू लागला.

मग काय विचारता! जो तो कळपाला बोलावू लागला. अंतूशेठ गूळ कबूल करत होते, सलीमचाचा भलामोठा मासा. श्रीरंग दोघांवर कडी करत ओरडत होता. पुण्याचा माणूस इतक्या मोठ्याने ओरडू शकतो हे मठाला ठाऊक नव्हतं.

होता होता तिघांचीही कोठारं भरत आली. कळप शेवटच्या खिंडीपाशी आला. खिंड श्रीरंगची.



कळपाला बसू दिलं तर श्रीरंगचं कोठार पुढच्या फेरीला भरणार. पण त्या खिंडीतून मेंढक्यांचं टोक एका पावलावर, आणि पुढची खेळी बाबांची. न बसू दिलं तर डाव अजून कुणाचाही.

श्रीरंगने किल्ल्यावर बोट ठेवलं. बाबांनी काहीच मागितलं नाही. ते नांद्रुकाकडे पाहत बसले.

"…या, बाबा," श्रीरंग म्हणाला. "रात्र झालीय. मेंढरं कुठे जातील?"

त्याने स्वतःच्या हाताने किल्ला बाजूला सरकवला. कळप बसला, उठला आणि पलीकडे गेला.

"मेंढके जिंकले!" सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो श्रीरंगच. "बाबा, मेंढके जिंकले!" त्याला आपला पहिला डाव आठवला आणि डोळे भरून आले. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

अंतूशेठ गूळ आणायला दुकानाकडे पळाले. सलीमचाचा नसलेल्या माशाच्या रश्श्याचं वर्णन करत राहिले.

श्रीरंग पट आवरू लागला. पण सवय कुठे जाते!

"मेंढके राहणार, बाबा. नक्की राहणार. पण विस्तारात काय बदल करू? मेंढक्यांना जास्तीची चाल देऊ? खिंडी कमी करू? का शिबंदीचं खाणं वाढवू?"

बाबांनी हात धोतराला पुसले. एक किल्ला उचलला, पुन्हा चहूबाजूंनी फिरवला, आणि श्रीरंगच्या तळहातावर ठेवला.

"आधी ह्याला येक दार ठिव."