धुळीतली बोट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमदार एसटीने राजधानीला जात आणि एसटीनेच गावी परत येत त्या काळी, हिवरगव्हाणात कौतिकाबाई सुरडकर नावाची बाई राहत होती. शाळा झाडायचं काम तिच्याकडे होतं. वर्गात बसणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं, पण झाडता झाडता फळ्यावरची अक्षरं तिने डोळ्यांनी उचलली होती, असं म्हणतात.

त्या मुलखात धरण व्हायचं ठरलं. हिवरगव्हाण बुडणार, असं सरकारने आधीच लिहून टाकलं. पुढे भिंत ठरल्यापेक्षा ठेंगणी झाली आणि पाणी गावापासून दोन कोसांवर थांबलं. कागद मात्र थांबला नाही. कागदावर गाव बुडालं ते बुडालंच. बुडालेल्या गावाला मास्तर कशाला, म्हणून मास्तरची बदली झाली.

दुसऱ्या दिवशी कौतिकाबाईने नेहमीसारखी शाळा झाडली आणि घंटा वाजवली. चाळीस पोरं येऊन बसली. तिने स्वतःला येत होती तेवढी अक्षरं शिकवली. ती पंधरा दिवसांत संपली. मग पोरं नुसतीच रिकाम्या खुर्चीकडे बघत बसू लागली. आपल्यासारखीच ही पोरंही आलेलं पत्र दुसऱ्याच्या दारात नेऊन वाचून घेणार, या विचाराने तिला घास गोड लागेना.

तालुक्याच्या कचेरीत ती नऊ वेळा गेली. नवव्यांदा कारकून म्हणाला, "बाई, पाणी उतरलं की या."

"चढलंच नाही, ते उतरंल कुठून?"

"ते मला नका सांगू. तो कागद वरून आलाय. विधानसभेत जाऊन सांगा."

"बरं, जाते," ती म्हणाली आणि तिकडची वाट विचारून घेतली. कारकून पोट धरून हसला. त्या कचेरीत तो पुन्हा कधी तसा हसला नाही, असं म्हणतात.

निवडणूक आली तशी कौतिकाबाई उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं. ती गावोगाव पायी जाई आणि एवढंच म्हणे, "तुमच्या गावाबद्दलचा सरकारी कागद काढा. त्यात जी जागा लिहिलीय तिथं तो घेऊन चला." सगळं गाव कागदाच्या मागे चालू लागे. कागदात विहीर असे, तिथे बाभळीला शेळी बांधलेली असे. एका गावात तर कागदावर पूल निघाला, आणि त्या गावाला नदीच नव्हती. लोक इतके हसले की हसता हसताच त्यांनी तिला मतं दिली. तिच्या विरोधात एक मोठे पुढारी होते. आपण कशाने पडलो, हे त्यांना अखेरपर्यंत उमगलं नाही.

विधानसभेत तिने एकच प्रश्न विचारला: हिवरगव्हाणला मास्तर कधी देणार? मंत्र्यांनी कागद वाचला. "सदर गाव जलमय असल्याने शिक्षक नेमण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

कौतिकाबाई उठली. "अध्यक्ष महाराज, मी त्याच गावातून आलेय. हा माझा पदर बघा. कोरडा आहे."

सभागृह हसलं. ती उभीच राहिली. हसणं संपलं तरी ती उभी होती. जेवणाची वेळ झाली, ती उभीच. तीन दिवस ती तशी उभी होती आणि तिच्या पावलांखालची फरशी झिजली, असं म्हणतात. फरशी झिजल्याची नोंद कुठे सापडत नाही. पण सापडली नाही म्हणजे झालं नाही, असं त्या गावात तरी कुणी म्हणणार नाही.

मधल्या सुट्टीत सत्ताधारी पक्षाचे वडीलधारे तिच्याजवळ आले. "ताई, एका मास्तरासाठी कशाला ताणता? मंत्रिमंडळात एक खुर्ची रिकामी आहे."

"आमच्या शाळेतही एक आहे, दादा. आधी ती भरा."

शेवटी पाहणी करायचं ठरलं. पाहणीला साहेब आले ते मालमोटारीवर बोट लादून. हुकूमच तसा होता: जलमय गावी बोटीनेच जावे. शिवेवर बोट धुळीत उतरवली आणि साहेब फाइल मांडीवर घेऊन आत बसले.

"साहेब, उतरा की. शाळा ती समोर दिसतेय," कौतिकाबाई म्हणाली.

"बाई, पायी गेलो तर पाहणी रद्द होईल. बोट चालत नसेल तर परत जावं लागेल."

गावच्या सुपडू पहिलवानाने बाह्या सरसावल्या. "माय, तू फक्त हो म्हण. एका हातानं उतरवतो याला."

कौतिकाबाईने साहेबांकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, घामाघूम झाला होता. पण तो इथून परत फिरला, तर गाव कायमचं बुडालं आणि चाळीस पोरंही त्याबरोबर बुडाली. आणि त्याला उचलून नेलं, तर त्याच्या सहीला मोल राहणार नव्हतं.

"बसू दे त्याला," ती म्हणाली. "दोर आणा. बोट ओढा."

बैलांचे, विहिरींचे, पाळण्यांचे, गावात होते नव्हते तेवढे दोर आले. बाया पुढे, गडी मागे. कौतिकाबाईने पहिला दोर खांद्यावर घेतला, आणि बोट पिसासारखी हलकी झाली. धूळ दोन्ही बाजूंनी लाटांसारखी उसळली, साहेबांनी घाबरून काठ पकडला, आणि बोट भर दुपारी शाळेच्या पायरीला लागली, असं म्हणतात.

आत चाळीस पोरं हाताची घडी घालून बसली होती. साहेबांनी ती मोजली. मग फॉर्ममध्ये "पाण्याची खोली" असा रकाना होता म्हणून बोटीतूनच काठी खाली सोडली. काठी टणकन वाजली. साहेब बराच वेळ काठीकडे बघत राहिले. मग त्यांनी रकान्यात लिहिलं: निरंक. म्हणजे काही नाही. हिवरगव्हाणबद्दल सरकारने लिहिलेला तो पहिला खरा शब्द होता.

आठव्या दिवशी मास्तर आला.

कौतिकाबाई पुढे आणखी दोनदा निवडून आली. नंतर काय झालं, याबद्दल एकमत नाही. कुणी म्हणतं, ती आपल्या घरीच शांतपणे गेली. कुणी म्हणतं, दूरच्या कुठल्या गावाचा खोटा कागद हातात घेऊन ती अजून चालतेच आहे. कागदांची संख्या पाहता हे दुसरं खरं असावं.

बोट परत न्यायचा हुकूम कधी निघालाच नाही, म्हणून ती गावातच राहिली. आजही हिवरगव्हाणला नवे मास्तर येतात, तेव्हा गाव त्यांना शिवेवर बोटीत बसवतं आणि पोरं दोर धरून शाळेपर्यंत ओढत नेतात. पायरीशी आल्यावर सगळी एकदम ओरडतात, "गुरुजी, पाणी किती?"

गुरुजी काठी खाली सोडतात, नीट बघतात आणि म्हणतात, "निरंक."

मग घंटा वाजते.