मूठभर सर्पगंधा

डोंगरमाथ्यावरच्या एका संस्थानात धुकं सज्जातून थेट महालात शिरायचं. तिथल्या राजांची झोप उडाली होती. भिवाजी वैद्यांनी रानातल्या सर्पगंधेच्या मुळीचं चिमूटभर चूर्ण दिलं आणि राजांना ढगांवरून चालल्यासारखं मऊ स्वप्न पडलं.

दुसऱ्या संध्याकाळी राजे म्हणाले, "चिमटीत एवढं सुख, तर आज मूठभर द्या."

"जास्त झाली तर ती घात करते, महाराज."

"रानातल्या मुळीची राजाला भीती घालता? देता, की हद्दपार होता?"

वैद्यांनी शांतपणे हात जोडले. "मूठभरानं झोप गाढ लागेल, महाराज. फक्त उद्या सकाळी मुजरा कोणाला करायचा, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

राजे धुक्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "चिमूटच द्या, वैद्यबुवा."