पूल का थरथरला

जुन्या काळी एका शहरात नदीवर दगडी पूल होता आणि त्याच्यावर नेणारा मातीदगडांचा एक चढ होता. चढाला भेगा पडल्या, तेव्हा माणसं तो तोडायला आली. चढ म्हणाला, "दादा, इतकी वर्षं बरोबर काढली. जाताना एक शब्द तरी बोल."

"नदी मी ओलांडतो," पूल म्हणाला. "तू गेलास तर माझं काय अडणार आहे?"

चढ तोडला. दुसऱ्या दिवशी भाजीची हातगाडी ढकलत फुलाबाई आली आणि वर बघून ओरडली, "उभा आहे बघा शहाणा! चढायचं कुठून, याच्या डोक्यावरून?" ती लांबच्या वळशाने गेली. मग पुलावर फक्त कावळेच उतरू लागले.

अखेर नवा चढ बांधून झाला. पूल खालच्या आवाजात म्हणाला, "ये बाबा. तुझ्यावाचून मी कुणाच्याच कामाचा नव्हतो."

"मला काय सांगतोस?" नवा चढ म्हणाला. "माझ्या पोटात त्या जुन्या चढाचेच दगड भरलेत. सकाळपासून एकच विचारताहेत, दादा बरा आहे ना?"

तेवढ्यात फुलाबाई गाडी घेऊन वर आली. पूल थरथरत होता. मागून बैलगाड्या येताहेत की काय म्हणून तिने वळून पाहिलं, तर रस्ता रिकामा होता.