डॉक्टरीणबाईंची उकळती गाडी

मिरजेच्या डॉक्टर कुमुद शिरगावकरांच्या जुन्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. गाडी रात्रभर वर्कशॉपात उभी होती. सकाळी मॅनेजर शिंत्रेसाहेबांनी तिला कॉम्प्युटर जोडला आणि इंजिनावर कोपर टेकून थाटात निकाल दिला, “इंजिन उकळतंय, बाई! गाडी भंगारात काढा.”

“पण उष्णता मोजणारा सेन्सरच बिघडला असेल तर?” डॉक्टरीणबाईंनी कुतूहलानं विचारलं.

“कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे उकळतंयच!”

बाईंनी पर्समधून मलमाची ट्यूब काढून त्यांच्यापुढे धरली.

“हे कशाला?”

“भाजल्यावर लावतात. उकळत्या इंजिनावर मघापासून कोपर टेकलंय तुमचं.”

साहेबांनी दचकून कोपर उचललं, निरखून पाहिलं आणि हळूच हाक मारली, “अरे, सेन्सर तेवढा बदला रे.”