गळ्यातली पिशवी

फार पूर्वी, म्हणजे दोन-तीन अपडेटच्या आधी, हेमलताबाई टिपणीसांच्या टीपॉयवर दोन नवे फोन चार्जिंगला लावलेले होते. एक मुलाने पाठवलेला, दुसरा जावयाने आणलेला. त्यातला एकच बाई ठेवून घेणार होत्या.

मुलाचा फोन म्हणाला, "माझ्या सिस्टिममध्ये परवानगीशिवाय काही शिरत नाही. बाई निर्धास्त राहतील."

"म्हणजे तू त्यांना कोंडून ठेवणार," जावयाचा फोन म्हणाला. "माझ्यात त्यांना हवं ते बदलता येईल."

"आणि हवं ते बिघडवताही येईल."

दिवसभर हेच चाललं. सुरक्षितता झाली, बॅटरी झाली, कॅमेरा झाला. वाद घालून घालून दोघेही तापले.

संध्याकाळी बाईंनी जुन्या फोनसाठी स्वतः क्रोशाने विणलेली, गळ्यात अडकवायची पिशवी आणली. मुलाचा फोन तिच्यात घालून पाहिला, तर तो अर्धा बाहेरच राहिला. जावयाचा मात्र बरोबर मावला.

"हाच बरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नाडी ओढून पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

आतून दबका आवाज आला, "बघितलंस ना? शेवटी माणसाला मोकळीकच आवडते."