रांग पुढे सरकली

एका तालुक्याच्या गावात धुमाळ नावाचे सर होते. ते मुलांना संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकवत. निदान त्यांची तशी समजूत होती.

एकदा विषय निघाला लिस्टचा, म्हणजे प्रोग्राममधल्या यादीचा. सर म्हणाले, "खेळातून शिकू." त्यांनी फरशीवर खडूने चौकोन आखले, संगणकाच्या रीतीप्रमाणे शून्यापासून आकडे टाकले आणि प्रत्येक चौकोनात एक मूल उभं केलं. "ही झाली लिस्ट. आता तिसऱ्या मुलाने टाळी वाजवायची."

दोन टाळ्या वाजल्या, एक दोनच्या चौकोनातून आणि एक तीनच्या.

"गाढवांनो, मोजणी शून्यापासून!"

शून्याच्या चौकोनात समीना होती. ती म्हणाली, "मग सर, मी पहिली की शून्यावी?"

सगळे हसले. सरांना उत्तर येत नव्हतं. अशा वेळी मोठी माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. चिडले. "आता एकेकाला प्रश्न विचारतो. चुकला तो बाहेर. उद्यापासून त्याचा क्लास बंद!"

समीना चुकली, बाहेर गेली. रांग एकेक चौकोन पुढे सरकली आणि तिच्या मागची हर्षाली शून्यावर आली. सर मात्र तोवर पुढच्या चौकोनापाशी पोचले होते. तिथला मुलगा चुकला. पुन्हा रांग सरकली, पुन्हा एक जण न विचारताच सुटला. असं करत अर्धी रांग उरली.

"बघा," सर खूश झाले, "ज्यांना कळलं तेवढेच राहिले."

हर्षाली पार गोंधळली. आपल्याला तर काही म्हणजे काही कळलेलं नाही. मग आपण आत कशा, आणि समीना बाहेर का? गप्प बसली असती तर क्लास टिकला असता. घरी संगणक नव्हता. हा क्लास गेला की सगळंच गेलं.

"सर, तुम्ही मला विचारलंच नाही."

"उभी आहेस ना? मग झालं."

"एक गेला की मागचा त्याच्या जागी येतो, आणि तुम्ही तेवढ्यात पुढे जाता. शेपटाकडून विचारत या. मग कोणी सुटणार नाही."

"मला शिकवतेस?" सर कडाडले. पण रागारागाने शेपटाकडे गेले खरे. एकेक विचारत आले, एकेक बाहेर गेला. शेवटी हर्षाली.

"सातव्या मुलाचा चौकोन कोणता?"

"नाही सांगता येत, सर. पहिल्या चौकोनाला शून्य का म्हणायचं, तेच कळलेलं नाही. का म्हणतात?"

"तसंच असतं! चल, बाहेर हो!"

ती गेली. पायरीवर समीनाने सरकून तिला जागा दिली.

आत सर खडू घेऊन उभे होते. का म्हणतात, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. फक्त त्यांना बाहेर काढायला वर्गात कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: 'कळलं नाही' म्हणणाऱ्याला हाकलून वर्ग शहाणा होत नाही, मागे उरतात ते ज्यांना कोणी विचारलंच नाही असे. आणि ज्या मोठ्यांना स्वतःलाच कळलेलं नाही, त्यांनी पोरांवर ओरडण्याआधी तेवढं कबूल करावं.